स्नोडेनवर वाद घालायचाय? आधी कागदावर तीन गठ्ठे करा

सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते आणि एकवीस वर्षांपासून मुलांना वादविवाद स्पर्धेसाठी तयार करते. दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या करंडकाला हा विषय येतोच: ‘एडवर्ड स्नोडेन हा नायक आहे, देशद्रोही नव्हे.’ (अमेरिकेच्या एनएसए या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणाऱ्या सरकारी गुप्तचर संस्थेची गुप्त कागदपत्रं २०१३ मध्ये पत्रकारांना देणारा कंत्राटी कर्मचारी, तो हा स्नोडेन.) विषय कळला की मुलं लगेच पेटतात. निम्म्यांना तो एकटा सत्तेला भिडलेला माणूस वाटतो. उरलेली म्हणतात, रशियात जाऊन बसला ना, मग विषय संपला. दोन्हीकडची मुलं अजून काहीही न वाचता बोलत असतात, आणि तिथेच त्यांना थांबवावं लागतं.

हे मी एका हरलेल्या फेरीतून शिकले. काही वर्षांपूर्वी आमचा एक वक्ता प्रतिकूल बाजूने उभा होता. आवाज खणखणीत, हातवारे नेमके. तिसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, “स्नोडेनने आपल्या देशाची गुपितं रशियाला विकली.” समोरची मुलगी उठली आणि शांतपणे म्हणाली, “विकली? अमेरिकेच्या सरकारने तसा आरोप कोणत्या कलमाखाली ठेवलाय, तेवढं सांगा.” आमचा मुलगा घंटा होईपर्यंत गप्प उभा राहिला. चूक त्याची नव्हती. त्याचं भाषण मी तपासलं होतं. त्यानंतर मी ही तयारी ज्या क्रमाने करून घेते, तोच क्रम इथे देते आहे.

पहिला दिवस फक्त शब्दांचा

फळ्यावर चार शब्द लिहा: देशद्रोही, राजद्रोही, फितूर, जागल्या. प्रत्येकाचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्या.

फितूर हा शब्द आपण रोज वाचतो, ‘साक्षीदार फितूर झाला’. फितूर व्हायला समोर दुसरा पक्ष लागतो आणि त्याच्याशी आतून हातमिळवणी लागते. तेव्हा स्नोडेनला फितूर म्हणणाऱ्याने तो कोणाला सामील झाला आणि केव्हा, हे दाखवायला हवं. राजद्रोह आणि देशद्रोह यांतला फरक मराठी मुलांना समजावणं सोपं जातं, कारण टिळक आहेत. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. त्यांना देशद्रोही म्हणायला आज कोणी धजणार नाही. सरकारचा गुन्हा आणि देशाचा गुन्हा या दोन गोष्टी असू शकतात, हे एवढ्यावरून पोरांना कळतं. (टिळकांचं उदाहरण दुधारी आहे. त्याकडे पुढे येते.)

जागल्या हा शब्द मला फार आवडतो. गावगाड्यात रात्री गस्त घालून हाका देणारा तो जागल्या. आता वर्तमानपत्रं गैरप्रकार उघडा पाडणाऱ्यासाठी हा शब्द वापरतात. अनुकूल बाजूने म्हणावं: गाव झोपलं होतं, त्याने हाक दिली. प्रतिकूल बाजूने म्हणावं: जागल्या गावात राहून हाक देतो, वेस ओलांडून नाही. दोन्ही वाक्यं चालतात. कोणती बाजू आधी वापरते, एवढंच पाहायचं.

मग कायद्यातला शब्द. अमेरिकेच्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या तिसऱ्या अनुच्छेदातच दिलेली आहे: देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, किंवा शत्रूला सामील होऊन त्याला मदत करणं. त्यासाठी एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत किंवा भर न्यायालयात कबुली हवी. स्नोडेनवर हा आरोप ठेवलेलाच नाही. जून २०१३ च्या तक्रारीत तीन आरोप आहेत. एक सरकारी मालमत्तेच्या चोरीचा, आणि दोन १९१७ च्या हेरगिरी कायद्याखालचे: संरक्षणविषयक माहिती परवानगीशिवाय दुसऱ्याला देणं आणि गोपनीय दळणवळणाची गुप्त माहिती अनधिकृत व्यक्तीला पुरवणं. परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी २०१४ मध्ये टीव्हीवर त्याला देशद्रोही म्हटलं. ते राजकारण्याचं वक्तव्य झालं, आरोपपत्र नव्हे. प्रतिकूल बाजूच्या मुलांनी ‘देशद्रोही’ नैतिक अर्थाने म्हणतोय, हे पहिल्याच मिनिटाला स्वतःहून सांगून टाकावं. समोरच्याने ते तोंडातून काढून घेण्याची वाट पाहू नये.

तारखा पाठ नकोत, भिंतीवर हव्यात

मी कार्डशीटवर रेघ मारते आणि मुलांना तारखा भरायला लावते. पहिली तारीख २०१३ चा १२ मार्च, कारण त्या दिवशी स्नोडेन कोण हे जगाला माहीतच नव्हतं. अमेरिकेच्या सिनेटच्या गुप्तचर समितीत रॉन वायडेन यांनी राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारलं की एनएसए लाखो, कोट्यवधी अमेरिकनांची कसलीही माहिती गोळा करते का. क्लॅपर यांनी नाही म्हटलं, ‘जाणूनबुजून नाही’ अशी पुस्ती जोडली. प्रश्न त्यांच्या कार्यालयाला आदल्या दिवशीच कळवलेला होता.

२० मे: बूझ ॲलन हॅमिल्टन या कंत्राटदार कंपनीचा कर्मचारी स्नोडेन हवाई बेटं सोडून हाँगकाँगला निघाला. ५ जून: ‘द गार्डियन’ने गुप्त न्यायालयाचा एक आदेश छापला. व्हेरायझन कंपनीने तिच्या ग्राहकांच्या फोनच्या नोंदी रोजच्या रोज द्याव्यात, असा. ६ जून: प्रिझम या इंटरनेटवरच्या पाळतीच्या कार्यक्रमाची बातमी. ९ जून: हॉटेलच्या खोलीतून त्याने स्वतःचं नाव जाहीर केलं. २१ जून: आरोप उघड झाले, योगायोगाने त्याच्या तिसाव्या वाढदिवशी. २३ जून: मॉस्कोचा शेरेमेत्येवो विमानतळ. तोवर पासपोर्ट रद्द झालेला होता. सुमारे चाळीस दिवस तो विमानतळाच्या संक्रमण भागात अडकला आणि १ ऑगस्टला त्याला रशियाने तात्पुरता आश्रय दिला. २०२२ मध्ये पुतिन यांनी नागरिकत्वही दिलं.

ही रेघ समोर असली की ‘तो रशियाला पळाला’ हे वाक्य मुलं जपून वापरतात. तो पळाला हाँगकाँगला. रशियात अडकला की थांबला, यावर वाद होऊ शकतो आणि तो घालावा.

आता गठ्ठे

माझ्या मते सगळी तयारी इथे जिंकली किंवा हरली जाते. ‘स्नोडेनने गुपितं फोडली’ हे एक वाक्य आहे, पण गुपितं एका जातीची नव्हती. त्यांचे तीन गठ्ठे करा आणि प्रत्येकावर वेगळा निवाडा द्या.

पहिला गठ्ठा, अमेरिकी नागरिकांच्या फोनच्या नोंदी. इथे मुलं हमखास चुकतात आणि म्हणतात, सगळ्यांचे फोन ऐकले जात होते. तसं नव्हतं. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, एवढी नोंद जात होती. पण ती सगळ्यांचीच जात होती. मी मुलांना विचारते, तुझ्या घरच्या फोनवरून रात्री दोन वाजता आधी दवाखान्याला, मग वकिलाला आणि मग मामाला फोन गेला, तर बोलणं न ऐकताही काय कळेल? वर्ग गप्प होतो. या गठ्ठ्याबद्दल नंतर काय झालं ते नीट नोंदवा. नागरी स्वातंत्र्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं की दहशतवादाच्या तपासात या कार्यक्रमाने ठोस फरक पडल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की कायद्याने याला परवानगी दिलेलीच नव्हती. जून २०१५ मध्ये संसदेने कायदा बदलून हा सरसकट साठा बंद केला. सप्टेंबर २०२० मध्ये आणखी एका अपील न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. अनुकूल बाजूने आपली सात मिनिटांतली चार इथेच खर्च करावीत.

दुसरा गठ्ठा प्रिझमचा. परदेशी लक्ष्यांचे ईमेल आणि संदेश अमेरिकी इंटरनेट कंपन्यांमार्फत मिळवण्याचा हा कार्यक्रम. याला संसदेच्या कायद्याचं कलम ७०२ आहे. त्याच देखरेख मंडळाने जुलै २०१४ च्या अहवालात हा कार्यक्रम उपयोगी असल्याचं म्हटलं. कलमाची मुदत २०१८ मध्ये वाढवली गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा. म्हणजे सगळं उघड झाल्यावर, चर्चा होऊन, निवडून आलेल्या लोकांनी ते चालू ठेवलं. प्रतिकूल बाजूला यापेक्षा चांगली जमीन मिळणार नाही: लोकांनी पाहून मान्य केलेली गोष्ट एका कंत्राटी कर्मचाऱ्याने एकट्याच्या निर्णयाने जगापुढे टाकायची का?

तिसरा गठ्ठा परदेशांवरच्या हेरगिरीचा. जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल यांचा फोन, ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांचे संदेश. हाँगकाँगच्या वर्तमानपत्राला त्याने अमेरिका चीनमधले संगणक कसे फोडते, हेही सांगितलं. हा तपशील आमच्या मुलांना बहुतेक वेळा माहीत नसतो. अमेरिकी नागरिकांच्या खासगीपणाशी याचा काय संबंध, असा प्रश्न प्रतिकूल बाजूने विचारलाच पाहिजे. स्नोडेनची बाजू घेणाऱ्यांनाही इथे घाम फुटतो, आणि फुटायला हवा.

पण इथे आपण भारतात बसून बोलतोय, हे विसरू नका. ‘गार्डियन’ने छापलेल्या एका नकाशानुसार मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा झाल्या. सर्वाधिक नोंदींच्या क्रमात इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि मग भारत. वॉशिंग्टनमधला आपला दूतावास पाळतीवरच्या ३८ ठिकाणांच्या यादीत होता. त्या वेळच्या आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ही प्रत्यक्ष हेरगिरी नसल्याचं म्हटलं आणि स्नोडेनने वीसहून जास्त देशांकडे आश्रय मागितला त्यात भारतही होता, तो २ जुलै २०१३ ला आपण नाकारला. अमेरिकेचा कायदा तुमच्या-माझ्या फोनला अमेरिकी नागरिकांसारखं संरक्षण देत नाही. मग तिसरा गठ्ठा अमेरिकन श्रोत्याला जितका बोचतो, तितका साताऱ्यातल्या श्रोत्याला बोचेल का? मला हा प्रश्न परीक्षकांच्या सर्व प्रश्नांपेक्षा मोलाचा वाटतो. ‘द्रोह कोणाच्या देशाशी’ हे आपल्या जागेवरून बदलतं.

टिळक, एल्सबर्ग आणि ‘थांबला का नाही?’

प्रतिकूल बाजू हमखास म्हणणार: टिळक पळाले नाहीत. गांधीजींनी १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सहा वर्षांची शिक्षा घेतली. डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं १९७१ मध्ये वर्तमानपत्रांना दिली आणि ती छापून आल्यावर पंधरवड्यात बॉस्टनमध्ये स्वतः हजर झाले. हा मुद्दा जोरकस आहे, उडवून लावू नका.

अनुकूल बाजूने उत्तर असं बांधावं. एल्सबर्ग यांच्यावर एकूण ११५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे आरोप होते. १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला, कारण सरकारच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात चोरी केली होती आणि इतरही गैरप्रकार उघडे पडले. ते सुटले, पण ‘मी का केलं’ हे ज्युरीने ऐकून सुटले नाहीत. हेरगिरी कायद्यात जनहितासाठी केलं, असा बचावच नाही. खुद्द एल्सबर्ग यांनी जुलै २०१३ मध्ये लिहिलं की स्नोडेनने देश सोडला ते योग्यच केलं. आपण खटला चालू असताना जामिनावर मोकळे होतो, लोकांशी बोलू शकत होतो, आज ते शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. टिळकांनी न्यायालयात कित्येक दिवस स्वतःचा बचाव केला होता, हेही इथे जोडता येतं.

आणि प्रतिकूल बाजूने एल्सबर्ग यांचाच दुसरा धागा ओढावा: वाटाघाटींविषयीचे चार खंड त्यांनी वर्तमानपत्रांना दिले नव्हते. काय द्यायचं नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. स्नोडेनने निवड बरीचशी पत्रकारांवर सोपवली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीने २०१६ मध्ये म्हटलं की त्याने १५ लाख कागद नेले आणि बहुतेकांचा नागरिकांच्या खासगीपणाशी संबंध नव्हता. हा आकडा सरकारी बाजूचा आहे, असं सांगूनच वापरा, नाहीतर समोरची मुलगी उठेल.

‘वरिष्ठांकडे तक्रार का केली नाही’ या प्रश्नाला एक नाव पुरेसं आहे: थॉमस ड्रेक. एनएसएचा अधिकारी. त्याने आधी आतल्या वाटांनी तक्रारी केल्या, नंतर एका पत्रकाराशी बोलला. २०१० मध्ये त्याच्यावर हेरगिरी कायदा लावला गेला. २०११ मध्ये ते आरोप मागे घेऊन किरकोळ गुन्ह्यावर प्रकरण मिटलं, पण नोकरी गेलेलीच होती. स्नोडेन हे बघत होता.

बाजू बदला

स्पर्धेच्या चार दिवस आधी मी बाजू उलट्या करते. एक मुलगी होती, फौजी घरातली. आमच्याकडे गावोगावी अशी घरं आहेत. तिने अनुकूल बाजू घ्यायला सरळ नकार दिला. “मॅडम, बाबांची पोस्टिंग कुठे आहे हे उद्या कुणी पेपरात छापलं तर?” मी तिला तेच वाक्य वहीत लिहायला लावलं, कारण प्रतिकूल बाजूचा इतका खरा मुद्दा मी कुठल्याच भाषणात ऐकला नव्हता. मग म्हटलं, आता याला उत्तर दे. दोन दिवसांनी आली. वडिलांना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले होते, “आमची जागा सांगणाऱ्याला मी सोडणार नाही. पण साहेब चौकशीत खोटं बोलला, आणि ते कुणी बाहेर सांगितलं, तर त्याला काय म्हणायचं ते मला विचारू नकोस.” या दोन वाक्यांतून तिने पूर्ण भाषण उभं केलं: पहिलं वाक्य तिसऱ्या गठ्ठ्याला, दुसरं पहिल्याला आणि क्लॅपर यांना.

क्लॅपर यांच्याबद्दल एक सूचना. त्यांनी नंतर आपलं उत्तर चुकीचं होतं असं समितीला कळवलं. त्यांच्यावर खटला झाला नाही. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ, आवाज न चढवता म्हणा. विशेषणं लावू नका.

प्रश्नोत्तरांत

परीक्षक बहुतेक वेळा विचारतात, हे भारतात झालं असतं तर? उत्तर तयार ठेवा. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला, अजून लागू आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) सांगतं की जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल, तर त्या अधिनियमानंतरही माहिती देता येते. एप्रिल २०१९ मध्ये राफेल प्रकरणात वर्तमानपत्राने छापलेली गोपनीय कागदपत्रं विचारात घेऊ नयेत, हा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो लागू करण्याची अधिसूचना निघाली नाही. एवढं पुरे. यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त रमू नका, विषय स्नोडेनचा आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न: तो उद्या परत आला तर तुम्ही काय कराल? यावर गोंधळून ‘माफ करू’ किंवा ‘फाशी’ म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. ओबामांच्या काळातले ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी, ज्यांच्या विभागाने हे आरोप ठेवले, २०१६ मध्ये म्हटलं की चर्चा घडवून स्नोडेनने एक लोकसेवाच केली, पण जे केलं ते बेकायदा होतं आणि त्याचे परिणाम त्याने भोगायला हवेत. नायक की देशद्रोही, यातला एकही शब्द त्यात नाही. दोन्ही बाजूंना ते उपयोगी पडतं.

आमच्या त्या मुलीला नेमका हाच प्रश्न आला, आणि चिठ्ठीत तिच्या वाट्याला अनुकूल बाजूच आली होती. ती म्हणाली, “खटला चालवा. पण त्याला ‘का केलं’ ते ज्युरीपुढे बोलू द्या. आजचा कायदा ते बोलू देत नाही.” परीक्षकांनी पुढे काही विचारलं नाही. आम्ही त्या फेरीत दुसरे आलो.

कार्डशीट अजून स्टाफरूमच्या कपाटात आहे. २०२२ चं नागरिकत्व आणि २०२४ ची मुदतवाढ मी नंतर वेगळ्या शाईने लिहिली. तुमची रेघ आखताना उजवीकडे हातभर जागा मोकळी सोडा.